कंपनीतनं स्वच्छ येणारा माणूस

पप्पा,

तुमच्या दाखल्यावर लिहिलंय, 'श्वसनक्रिया बंद पडल्याने मृत्यू.' मी तो कागद खिडकीसमोरच वाचला आणि आतल्या माणसाला विचारलं, "बाकीची माणसं काय श्वास चालू ठेवून मरतात काय?" तो म्हणाला, "ताई, असंच लिहायचं असतंय." मागं रांग होती. तुम्ही असतात तर माझी ओढणी ओढून म्हणाला असतात, "चल लीडर, त्याच्या हातात काय हाय?" बावीस दिवस झाले. ओढायला कोणी नाही म्हणून मी दिसेल त्याच्याशी भांडतेय. परवा दूधवाल्याशी भांडले. त्याची काही चूक नव्हती.

सेहेचाळीस हे काय मरायचं वय आहे? माणसं येतात, आईसमोर बसतात आणि म्हणतात, चांगली माणसं देवाला लवकर लागतात. मला ओरडून सांगावंसं वाटतं, देवाला मधे घेऊ नका, देवानं कुठं फाउंड्री काढलीय? पण आई नुसत्या नजरेनं मला गप्प करते. ते तिला तुमच्यापेक्षा चांगलं जमतं.

पंचवीस वर्षं तुम्ही फेटलिंगला होतात. म्हणजे काय, ते मी सहावीत असताना तुम्हीच समजावलं होतं. लोखंड साच्यातनं बाहेर निघतं तेव्हा त्याला वाळू चिकटलेली असते, कडांना फाटे फुटलेले असतात. ते सगळं ग्राइंडरनं घासून गुळगुळीत करायचं. "न्हाव्याचं काम गं," म्हणायचात. "लोखंडाची दाढी करतो मी." कागल रोडला नवा ट्रॅक्टर दिसला की गाडी हळू करायची आणि मला सांगायचं, "ह्याच्या पोटात माझा हात फिरलाय." ट्रॅक्टरवाला बघत राहायचा, हा माणूस आपल्याकडं बघून का हसतोय म्हणून.

आणि तुम्ही कंपनीतनं स्वच्छ यायचात. तुमच्याबद्दल पहिलं काय आठवतं, असं कोणी विचारलं तर आम्ही दोघी बहिणी हेच सांगू. एमआयडीसीच्या बसमधनं उतरणारी बाकीची माणसं लांबून ओळखू यायची. भुवया काळ्या, कानाच्या पाळ्या काळ्या. तुमचा शर्ट झटकलेला, इन केलेला, केसांना पाणी लावून भांग पाडलेला. आपल्या बोळातल्या बायका आईला विचारायच्या, "तुमचे मालक ऑफिसात असतात काय ओ?" आई व्हय म्हणायची नाही आणि न्हायही म्हणायची नाही. सई आणि मी उंबऱ्यातच तुमच्या गळ्यात पडायचो. मला पाचवीपर्यंत वाटायचं, फाउंड्री म्हणजे बँकेसारखं काहीतरी असणार. अख्ख्या शिवाजी पेठेत एवढा नीटनेटका कामगार दुसरा नव्हता.

दम गेलाय हे आम्हाला मैदानावर कळलं. पेठेची मॅच होती. दोन बोटं तोंडात घालून तुम्ही शिट्टी मारलीत की रेफ्रीसुद्धा दचकून स्वतःच्या शिट्टीकडं बघायचा. त्या दिवशी गोल झाला, तुम्ही बोटं घातलीत आणि नुसती हवा आली. पुन्हा घातलीत. पुन्हा हवा. मागनं कोणीतरी ओरडलं, "काय मामा, व्हॉल्व्ह गेला काय?" सगळे हसले. तुम्हीही हसलात. घरी येताना तुम्ही तीनदा थांबलात आणि तिन्ही वेळा मोबाईल काढून बघितलात. फोन आलेला नव्हता. मला दिसत होतं.

मग टीबी. राजारामपुरीतल्या डॉक्टरनं छातीचा फोटो उजेडावर धरला आणि टीबी म्हणून टाकलं. थुंकी तपासली, त्यात काही सापडलं नाही, तरी गोळ्या सुरू. कोर्स संपला, दम वाढला, पुन्हा कोर्स. "काय करता?" असं त्यानं पहिल्या दिवशी विचारलं होतं. तुम्ही ताठ बसून म्हणालात, "कंपनीत हाय." त्यानं लिहिलं, नोकरी. झालं. त्या एका शब्दाखाली वाळू गेली, ग्राइंडर गेला, पंचवीस वर्षं गेली. कंपनीत काय करता, एवढा पुढचा प्रश्न विचारायला किती वेळ लागतो हो? आणि मीही तिथंच बसले होते. मीही नाही सांगितलं. मला तेव्हा माहीत नव्हतं, असं मी स्वतःला रोज सांगते. ते खरं आहे. त्यानं काही होत नाही.

कळलं ते कामगार संघटनेत गेल्यावर. दुसऱ्याच एका फाउंड्रीतल्या कामगाराच्या छातीचा फोटो टेबलावर होता आणि मला वाटलं तुमचाच कोणीतरी इथं आणून ठेवलाय. सिलिकोसिस. वाळूची बारीक धूळ फुप्फुसात बसते, तिथं जखमा होतात, त्या घट्ट होतात आणि फुप्फुस दगडासारखं होत जातं. ह्याला औषध नाही. टीबीच्या गोळ्या तर नाहीच नाहीत. त्याच आठवड्यात मी पत्रक लिहिलं. मास्क द्या, धूळ ओढून घेणारे पंखे बसवा, अंघोळीला पाणी द्या, दर वर्षी छातीचा फोटो काढा. झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर मीच टाइप केलं, आणि तुमच्याच गेटवर उभी राहून वाटलं.

तुम्ही रांगेतनं आलात. मी पत्रक पुढं केलं. तुम्ही म्हणालात, "द्या की पावणं." मला! पोटच्या पोरीला! तुमच्या शेजारच्या ग्राइंडरवर आयुष्य काढलेले रफीकचाचा तोंड फिरवून हसायला लागले. तुम्ही कागदाची नीट घडी घालून खिशात ठेवलीत आणि आत गेलात.

घरी आल्यावर तुमचा शेरा आला. "लीडर, एवढी उद्गारचिन्हं कशाला? वरडून सांगितलं की माणसं कान झाकत्यात." मी म्हटलं, ते राहू दे, तक्रारीवर पहिलं नाव तुमचं घालूया. तुम्ही म्हणालात, "माझं न्हाय." का? "न्हाय म्हणलं की न्हाय." महिनोन् महिने हेच. मी कायदा सांगायची, तुम्ही बातम्यांचा आवाज वाढवायचात. घरात ऑक्सिजनचं मशिन आलं तरी आमचं भांडण तेच होतं, फक्त तुमची वाक्यं लहान झाली.

त्या मंगळवारी मी ते बोलले. "तुमच्यासारखी भित्री माणसं आहेत म्हणून मालकांचं फावतं." तुम्ही नाकातली नळी काढलीत, माझ्याकडं बघितलंत आणि म्हणालात, "व्हय. भितोय मी." नळी परत लावलीत. पप्पा, मला तेव्हा बरं वाटलं होतं. आपण जिंकलो असं वाटलं होतं. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही, आईलाही नाही.

पुढचे पाच दिवस तुम्ही माझ्याशी सईमार्फत बोललात. "लीडरला म्हणावं, जेवून घे." सहाव्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात. मी जेवले होते.

बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी तुमचा सुपरवायझर आला. रफीकचाचा आधीपासनं बसलेले होते. सुपरवायझरनं एक टाइप केलेला कागद आणला होता. कामगारास जुना टीबी होता, कंपनीबद्दल कुटुंबाची कसलीही तक्रार नाही. खाली आईच्या सहीसाठी मोकळी जागा. "वहिनी," तो म्हणाला, "साहेबांनी शब्द दिलाय. सईचा डिप्लोमा झालाय नव्हं? ऑफिसात घेऊ. कॉम्प्युटरवर, एसीत बसायचं. धुळीचा संबंध न्हाय."

धुळीचा संबंध न्हाय! मी उठलेच. टीबी नव्हता, सिलिकोसिस होता, तुमच्या धुळीनं माणूस मारलाय, सगळं बोलले. तो चिडला नाही. चहा संपवला आणि आईकडं वळून म्हणाला, "ताई पत्रकात लिहितात तसं नसतंय वहिनी. तुमचे मालक स्वतः काय करायचे, विचारा ह्या रफीकभाईला. रोज सुट्टी झाली की हवेची पाइप घ्यायचे. मशिन साफ करायची पाइप, कॉम्प्रेसरची. डोक्यापासनं पायापर्यंत अंगावर धरायचे. अंगावरची सगळी धूळ उडून नाकातोंडात. एक दिवस न्हाय, रोज. आम्ही बोर्डसुद्धा लावलाय, सक्त मनाई म्हणून. आता ह्यात कंपनीनं काय करायचं?"

रफीकचाचा कपात बघत होते.

आईनं विचारलं, "कशाला ओ भावजी?"

"वैनी, ऱ्हाऊ दे आता."

"कशाला धरायचे अंगावर?"

"स्वच्छ होऊन घरला यायला," चाचा म्हणाले. "पोरी गळ्यात पडत्यात म्हणायचा. आमी सगळेच धरतोय थोडीफार. तो लई येळ धरायचा."

आईनं कागद जवळ ओढला, हातातलं पेन त्यावर आडवं ठेवलं. सुपरवायझरला वाटलं, ती सही करायला बसतेय. ती म्हणाली, "कागद ऱ्हाऊ दे हितं. तुम्ही जावा."

तो गेल्यावर तिनं सांगितलं. मी आठ महिन्यांची होते, रांगत होते, आणि खोकल्यानं बेजार होते. तुमच्या उशीवर काळा डाग, पांघरुणावर काळा डाग, माझ्या झबल्यावर तुमच्या बोटांचे ठसे. ती तीन रात्री झोपली नव्हती. ती तुम्हाला एकदाच म्हणाली होती, "ती धूळ घिऊन माझ्या लेकरात येत जाऊ नका." दुसऱ्या दिवसापासनं तुम्ही स्वच्छ यायला लागलात. तिला वाटलं, कंपनीनं अंघोळीची सोय केली. शेजारणीला तसं सांगितलंही तिनं, कौतुकानं.

मी चाचांना सोडायला बोळाच्या तोंडापर्यंत गेले. तिथं ते थांबले. "तुझं पत्रक आमी मिळून वाचलं, तेजू. त्याला म्हणलं, आता तरी ती पाइप सोड, आन् तक्रारीवर नाव घाल. म्हणला, तक्रार केली की साहेब पयलं पाइपचंच काढणार. मग हिला, म्हंजे तुझ्या आईला, कळणार. जन्मभर सोताला खात बसंल ती. त्यापरीस टीबीच बरा."

त्यापरीस टीबीच बरा.

तर हे असं होतं. मी कायद्याची कलमं सांगत होते तेव्हा तुम्ही आईला वाचवत होतात. तुम्ही भीत होतात हे खरं, पण मालकाला नाही. आणि मी, जिला माणसांच्या दुःखाबद्दल चार पानं न थांबता लिहिता येतात, मला घरातल्या माणसाचा एक नकार वाचता आला नाही. चुकले मी, पप्पा. हे तुम्हाला ऐकू जाणार नाही हे मला माहीत आहे. मी त्या असल्या गोष्टी मानत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. तरी लिहितेय.

राग मात्र तसाच आहे, कमी झालेला नाही. कारण तो बोर्ड कधी लागला, हेही चाचांनी सांगितलं. माझं पत्रक वाटल्यानंतर आठवड्यानं. मी पाणी मागितलं, त्यांनी बोर्ड लावला. मास्क नाही, पंखे नाहीत, मनाई. उद्या कोणी विचारलं तर दाखवायला. माझ्या पत्रकाला मिळालेलं ते एकमेव उत्तर, आणि ते माझ्याच बापाविरुद्ध वापरलं गेलं, माझ्याच घरात, आमचाच चहा पिऊन. सईनं तुमचे कपडे आवरताना ते पत्रक तुमच्या खिशात सापडलं. तुम्ही उद्गारचिन्हं पेनानं खोडली होतीत, एकूण एक. आणि एकाच मागणीखाली रेघ मारली होती. अंघोळीला पाणी.

तीन दिवस आई त्या कागदाजवळ बसून होती. सही करूया म्हणाली. "मीच ती पाइप त्यांच्या हातात दिली. कोर्टात मला इच्यारतील न्हवं? सगळ्यांच्या म्होरं?" सई म्हणाली, "आई, त्या गेटातनं मी रोज आत जाऊ काय?" आई म्हणाली, "पोटाला काय खाणार मग, पत्रकं?" मला हसू आलं, आणि मग माझी मलाच शरम वाटली. मी तिला सांगत होते, तुझा दोष नाही, दोष व्यवस्थेचा आहे. ती म्हणाली, "तेजू, ह्या घरात सभा न्हाय." बरोबर बोलली. कुठल्या आईला व्यवस्था कळते, जेव्हा तिला स्वतःचंच वाक्य ऐकू येत असतं?

तिला माझ्या बोलण्यानं काही पटलं नाही. चौथ्या दिवशी रफीकचाचा डबा परत द्यायला आले तेव्हा तिनंच विचारलं, "भावजी, तितं पाणीच नव्हतं काय ओ?"

"व्हतं की. आमच्या फेटलिंगच्या शॉपला एक नळ, उन्हाळ्यात कोरडा. स्टाफच्या बाथरूमला पाणी व्हतं. शॉवर हाय तितं."

"मग?"

"त्याला कुलूप असतंय वैनी. चावी साहेबाच्या टेबलात."

आईनं परत आलेला डबा खाली ठेवला. मग म्हणाली, "पाणी व्हतं, आन् कुलूप व्हतं." अजून एकदा म्हणाली. पाणीच नसतं तर तिनं स्वतःला माफ केलं नसतं, आणि साहेबांना केलं असतं. दुष्काळ माणूस समजून घेतो. कुलूप कसं समजून घेणार? पंचतारांकित म्हणवणारी औद्योगिक वसाहत, आणि माणसाला अंग धुवायचं तर चावी टेबलात!

तिनं मला समोर बसवलं. "लिही." मी लिहायला घेतलं. ती सांगत होती, मी उतरवत होते. किती वर्षं काम केलं, नळ किती, कुलूप कुठं, गोळ्या कशाच्या दिल्या. आणि मग, "लिही, मीच त्यांना म्हणलंतं, धूळ घिऊन घरात येऊ नका. म्हणून ते पाइप घ्यायचे."

मी दुकानात जाऊन टाइप केलं आणि ते वाक्य गाळलं. मला डोकं आहे, पप्पा. त्या वाक्यानं समोरच्याच्या हातात कोलीत मिळतं. वकील काय करेल ते मला दिसत होतं. घरी येऊन मी तिला सगळं वाचून दाखवलं, गाळलेल्या जागेवरनं सफाईनं पुढं गेले.

"माझं कुठं गेलं?" आईनं विचारलं.

"काय?"

"मी म्हणलेलं."

"प्रिंटमधे राहिलं वाटतं."

"त्यांच्यावरच गेलीस बघ," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तेबी मला वाचवाय लागलेते. तू बी लाग. मला न इच्यारता समदे मला वाचवा. एक शब्द तरी सांगायचा व्हता मला. घाल ते. न्हाईतर माझी सही न्हाय."

मी परत गेले, घातलं.

आज सकाळी आम्ही तिघी ते सरकारी कामगार ऑफिसात देऊन आलो. तिथल्या क्लार्कनं वाचलं, चांगला माणूस होता, त्यानं पेन्सिलीनं त्या ओळीवर खूण केली आणि हळूच म्हणाला, "मावशी, एवढं काढा. तुमचीच बाजू पडंल." आई म्हणाली, "काढू नका. झालंय तसं हाय ते." त्यानं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीकडं बघितलं. त्यानं शिक्का मारला. आता काय होईल माहीत नाही. बहुतेक तेच होईल जे अशा कागदांचं होतं. सईची नोकरी तर गेलीच. पण तुमच्या नावापुढं कुठल्या तरी सरकारी कागदावर टीबी नाहीये, वाळू आहे.

बाहेर आलो. स्टॉपवर बाकडं होतं, आई बसली. बस यायला वेळ होता. समोरनं शिफ्ट सुटलेली माणसं चालली होती, कानापर्यंत काळी, डबे हलवत. आई त्यांच्याकडं बघत राहिली. मग माझ्याशी नाही, सईशी नाही, सरळ तुमच्याशीच बोलल्यासारखी म्हणाली,

"एकदा सांगायचं तरी. मी म्हणलं असतं, या तसंच धुळीचं. दिवसातनं धा येळा झाडलं असतं घर."